रंगावर भरवसा नको: सुकामेव्याच्या गच्च चॉकलेट कुकीज घरच्या ओटीजीत

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी नानकटाई बेकरीत भाजून आणायची पद्धत होती. तूप, मैदा आणि पिठीसाखर पिशवीत भरून आई निघायची आणि मला रांगेत जागा धरायला पुढे पाठवायची. भट्टीवाले काका पत्र्याचे काळे ट्रे लांब दांड्याच्या फावड्याने आत सरकवायचे आणि अधूनमधून वाकून बघायचे. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याकडे त्यांनी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. कडा बदामी दिसल्या की ट्रे बाहेर.

पुढे कित्येक वर्षांनी घरी ओटीजी, म्हणजे भाजायचा छोटा विजेचा ओव्हन, आला आणि मी पहिल्यांदा चॉकलेट कुकीज केल्या, तेव्हा तशीच काचेसमोर वाकून बसले. पण पीठ मुळातच काळं. दहाव्या मिनिटाला काळं, पंधराव्यालाही काळं. अठराव्याला जरा जास्तच काळं झालं की काय असं वाटलं म्हणून काढल्या. गार झाल्यावर भावाने एक कुकी ताटावर आपटून पाहिली. टण्ण आवाज आला.

चॉकलेट कुकीजमध्ये आपण इथेच फसतो. चकली, पोळी, नानकटाई, आपलं सगळं भाजणं-तळणं रंगावर चालतं आणि इथे रंग काहीच सांगत नाही. त्यात बिस्कीट म्हटलं की ते खुसखुशीतच हवं, ही जिभेची सवय. म्हणून मऊ कुकी कच्ची वाटते आणि आपण ‘अजून दोन मिनिटं’ करत बसतो. या कुकीला कड कुरकुरीत आणि मध्य ओलसर, दाट हवा. तो साधायचा तर डोळ्यांऐवजी वजनकाटा, फ्रिज, बोट आणि घड्याळ यांच्यावर विसंबावं लागतं. खालची कृती त्याच हिशेबाने लिहिली आहे.

साहित्य (साधारण २० कुकीज)

बटर १०० ग्रॅम
डार्क चॉकलेट १८० ग्रॅम (१०० वितळवायला, ८० तुकडे करून घालायला)
ब्राऊन शुगर ११० ग्रॅम
साधी बारीक साखर ५० ग्रॅम
अंडं १ (फ्रिजबाहेर काढून ठेवलेलं)
मैदा १३० ग्रॅम
बिनसाखरेची कोको पावडर ३० ग्रॅम
खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, सपाट
व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा
इन्स्टंट कॉफी १ छोटा चमचा
सुकी फळं ९० ग्रॅम (मी ५० ग्रॅम जर्दाळू, ४० ग्रॅम बेदाणे घेते)
अक्रोड ५० ग्रॅम, काजू ४० ग्रॅम

बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. बिनमिठाचं असेल तर पाव चमचा मीठ घाला, विसरू नका. मिठाशिवाय चॉकलेट नुसतंच गोड लागतं.

सगळं ग्रॅममध्ये दिलं आहे ते मुद्दाम. इंटरनेटवरच्या अमेरिकन पाककृतींतला ‘कप’ साधारण २४० मिलिलिटरचा असतो आणि आपल्या घरातल्या चार वाट्या चार मापांच्या. शिवाय मैदा दाबून भरला की हलक्या हाताने भरला यानेच एका कपात वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो. एवढ्या फरकात पसरणारी कुकी लाडूसारखी उभी राहते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काही महाग नसतो. ओटीजीवर हजारो रुपये घालवून काट्यासाठी हात आखडता घेऊ नका.

घरी काढलेलं लोणी चालेल का, असं हमखास विचारलं जातं. लोण्यात पाण्याचा अंश जास्त असतो आणि तो दर वेळी सारखा नसतो. त्यामुळे कुकी कधी पसरते, कधी केकसारखी फुगते. लोण्याचं तूप करा आणि ते नानकटाईला वापरा, तिथे ते शोभतं.

ब्राऊन शुगर म्हणजे मळीचा अंश असलेली, हाताला ओलसर लागणारी साखर. कुकीतला ओलावा हीच टिकवते. त्याच नावाखाली तपकिरी, जाड, कोरडे दाणे मिळतात, ती डेमेरारा साखर. ती चहाला छान, पण इथे विरघळत नाही आणि दाताखाली कचकचते. ओलसर ब्राऊन शुगर मिळाली नाही तर तेवढ्याच वजनाची गूळ पावडर चाळून घाला. कुकी थोडी जास्त मऊ होते, गुळाचा वास येतो आणि मला तो अक्रोडाबरोबर आवडतो. गुळाला स्वतःचा किंचित खारटपणा असतो, तेव्हा मिठाचा हात आवरा.

अंडं नको असेल तर ४५ ग्रॅम घट्ट, ताजं दही. दह्याच्या आंबटपणाने सोडा चांगला उठतो. कुकी जरा केकच्या अंगाने जाते आणि वरचा तडकलेला चमकदार पापुद्रा येत नाही, पण चव कुठे कमी पडत नाही.

चॉकलेट घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा

‘डार्क’ या शब्दावर जाऊ नका, घटकांची यादी बघा. त्यात कोको बटर असेल तर ते चॉकलेट. कोको बटरऐवजी वनस्पती तेल, हायड्रोजनेटेड फॅट, पाम असे शब्द असतील तर ते कंपाउंड. बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त लाद्या बहुतेक कंपाउंडच्या असतात. ते सजावटीला सोयीचं असतं कारण उन्हाळ्यातही टिकतं. पण कोको बटर चौतीस अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उबेने वितळतं आणि कंपाउंडमधली चरबी टाळूला मेणासारखी चिकटून राहते. या कुकीत चॉकलेट सोडून लपायला दुसरं काही नाही, म्हणून खर्च करायचा तो इथेच. ५५ ते ६० टक्के कोकोचं पुरे. ७० च्या वरचं घेतलं तर घरातली मुलं तोंड वाकडं करतात आणि आजोबा विचारतात, साखर संपली होती का.

चिप्स की लादीचे तुकडे? तुकडे. चिप्स भाजताना आकार धरून राहाव्यात अशाच बनवलेल्या असतात. लादी सुरीने तोडली की काही मोठे खडे मिळतात, काही चुरा. खडे वितळून कुकीत चॉकलेटची तळी करतात आणि चुरा पिठात मुरतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या टोल हाउस इनमध्ये रूथ वेकफिल्डबाईंनी १९३० च्या दशकात चॉकलेट चिप कुकी पहिल्यांदा केली, तीही लादीच तोडून. चिप्सची पाकिटं त्यानंतर बाजारात आली.

चॉकलेटवर पांढुरका थर दिसला तर ती बुरशी नव्हे. उन्हाळ्यात वितळून पुन्हा गोठताना कोको बटर वर येतं, त्याचा तो थर. वितळवायच्या वाट्यात ते खुशाल घाला.

कोको पावडर दोन तऱ्हेची मिळते. साधी कोको फिकट तपकिरी आणि आंबटसर असते. डच पद्धतीची अल्कलीने संस्कारलेली, गडद आणि सौम्य. ‘डच’ हे नाव नेदरलँड्समधल्या फान हौटेन यांच्यामुळे पडलं. कोकोतली चरबी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट १८२८ चं, तेही तिथलंच. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की सोड्याला उठायला आंबट काहीतरी लागतं. या कृतीत ब्राऊन शुगर आणि कॉफीही आंबटसर असल्यामुळे दोन्ही कोको चालतात. पण ब्राऊन शुगर अजिबात न वापरता डच कोको घेतलात, तर सोडा निम्मा करा आणि पाऊण चमचा बेकिंग पावडर घाला. नाहीतर कुकीला साबणासारखी चव येते.

सुकामेवा: निम्मं काम आदल्या तासाभरात

बहुतेक जण सुकामेवा पाकिटातून थेट पिठात टाकतात. कोरडे बेदाणे तहानलेले असतात. पिठातलं पाणी ते शोषून घेतात, आजूबाजूची कुकी कोरडी पडते आणि वर आलेले बेदाणे भाजताना फुगून, करपून कडू होतात. म्हणून ते आधी भिजवायचे. चहापेक्षा थोड्या कमी गरम पाण्यात दहा मिनिटं. पाण्याऐवजी संत्र्याचा रस किंवा कोरी कॉफी घेतलीत तर उत्तमच, आणि ज्यांच्याकडे चालते त्यांनी रम घ्यावी. मग चाळणीत निथळून सुती फडक्यावर पसरायचे आणि वरून दुसऱ्या फडक्याने टिपायचे. हाताला ओल लागता कामा नये. आत रसदार आणि बाहेर कोरडा, असा बेदाणा हवा.

तासगाव-सांगलीकडचे बेदाणे कसे होतात ते पाहिलं तर भिजवण्याआधी ते धुवायलाही हवेत हे पटतं. द्राक्षाच्या सालीवर मेणचट थर असतो, त्यातून पाणी लवकर उडत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात. पिवळ्या मालाला रंगासाठी गंधकाची धुरीही देतात. खायला ते चालतात, पण एक पाणी बदलून धुतले तर चव स्वच्छ लागते. काळ्या मनुका घ्यायच्या तर बिनबियांच्या घ्या. चॉकलेटमध्ये दाताखाली आलेली बी फार विचित्र लागते.

जर्दाळूशिवाय मी ही कुकी करत नाही. डार्क चॉकलेटच्या कडूपणाला त्याचा आंबटपणा अशी काही धार देतो की बाकी सुकामेवा एकीकडे आणि जर्दाळू एकीकडे. नारंगी, मऊ, बिनबियांचा घ्या आणि कात्रीने हरभऱ्याच्या दुप्पट आकाराचे तुकडे करा. छोटा, तपकिरी, आत बी असलेला जर्दाळू चवीला सरस, पण तो रात्रभर भिजवावा लागतो आणि मग लगदा होतो. तो पुडिंगला ठेवा. खजूर भिजवायचा नाही, तो आधीच मऊ असतो. चिरून चमचाभर मैद्यात घोळवा, म्हणजे सगळा एका जागी गोळा होत नाही. अंजिराच्या बियांची बारीक कुरकुर छान लागते. सुक्या क्रॅनबेरी बहुतेक साखरेत घोळलेल्या असतात, त्या घेतल्यात तर साधी साखर वीस ग्रॅमने कमी करा. टूटीफ्रूटी मात्र नको. ती कच्च्या पपईची, पाकात मुरलेली, तिला गोडीपलीकडे चव नाही. ती पावात आणि आइसक्रीमवर बरी.

एकदा जर्दाळू संपले होते आणि कोकणातून आलेली आंबापोळी डब्यात होती. कात्रीने कापून घातली. चिवट, आंबटगोड, एकदम झकास. पण तुकडे कुकीच्या पोटात दडवायला लागतात, वर राहिलेले दहाव्या मिनिटाला जळतात. घरातले आता तीच मागतात, हा भाग वेगळा.

अक्रोड-काजूबाबत पहिला नियम दुकानातच पाळायचा. एक चावून बघा. अक्रोडात तेल भरपूर असल्यामुळे तो पटकन खवट होतो आणि एक खवट अक्रोड वीस कुकीजची वाट लावतो. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. वापरण्याआधी १६० अंशांवर अक्रोड आठ मिनिटं आणि काजू पाच-सहा मिनिटं भाजा. कच्चा सुकामेवा कुकीत भाजून निघेल असं वाटतं, पण ओल्या पिठात तो नुसता वाफवतो आणि लिबलिबीत राहतो. भाजलेले अक्रोड गरम असतानाच नॅपकिनमध्ये घेऊन चोळले की कडवट सालं बरीचशी निघून येतात. काजू अख्खे नकोत, पाकळ्या किंवा तुकडा घ्या. वेंगुर्ल्याकडचा तुकडा अख्ख्यापेक्षा स्वस्त पडतो आणि चव तीच. बजेट कमी असेल तर खमंग भाजून सोललेले शेंगदाणे घाला. शेंगदाणा आणि चॉकलेट यांचं किती जमतं हे कळायला एकदा करूनच बघायला हवं.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच पिठात घालायचं. गरम अक्रोड चॉकलेटचे तुकडे वितळवून टाकतात.

पीठ

नेहमीच्या कृतीत मऊ बटर आणि साखर फेसायला सांगतात. मऊ म्हणजे वीस-बावीस अंशांचं. एप्रिल-मे महिन्यात आपल्या ओट्यावर बटर वीस अंशांवर राहतं ते पाच मिनिटं, मग त्याचं तेल होतं. म्हणून मी ही भानगडच ठेवलेली नाही. इथे बटर वितळवायचंच आहे.

एका पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बंद करा. त्यावर कोरडा स्टीलचा वाडगा ठेवा, बूड पाण्याला टेकू नये. त्यात बटर आणि १०० ग्रॅम चॉकलेट घालून हलवत वितळवा. पाण्याचा थेंब पडू देऊ नका. नुसत्या चॉकलेटमध्ये थेंबभर पाणी गेलं तरी ते रवाळ, घट्ट गोळा होऊन बसतं. बटर सोबत असल्यामुळे धोका कमी आहे, पण ओला चमचा घालून परीक्षा कशाला बघा. वितळलं की कॉफी घालून ढवळा आणि बाजूला ठेवा. बोट बुडवल्यावर ना गरम ना गार लागलं पाहिजे.

तोवर दुसऱ्या भांड्यात अंडं आणि दोन्ही साखरा फेसा. हाताने पाच मिनिटं, बीटरने तीन. मिश्रण फिकट आणि दाट होतं, बीटर उचलला की धार पडून क्षणभर वर रेघ राहते. दंड दुखतो, पण कुकीवर जो पातळ तडकलेला चमकदार पापुद्रा येतो तो याच पाच मिनिटांचा. मग व्हॅनिला आणि कोमट चॉकलेट घाला.

मैदा, कोको, सोडा आणि हवं तर मीठ एकत्र दोनदा चाळा. कोकोच्या गाठी चमच्याने मोडत नाहीत, त्यांना चाळणीच लागते. हे ओल्या मिश्रणात घालून उलथन्याने तळापासून वर असं हलवा. मैद्याच्या पांढऱ्या रेघा थोड्या दिसत असतानाच चॉकलेटचे तुकडे आणि सुकामेवा घाला आणि रेघा दिसेनाशा झाल्या की हात थांबवा. पोळीची कणीक मळून मळून मऊ होते, इथे उलटं. मळलं की कुकी चिवट.

आता जे दिसेल ते बघून घाबरायला होतं. ते पीठ नसतं, चमच्यावरून हळूहळू घसरणारा चिखल असतो. मूठभर मैदा घालायचा मोह हमखास होतो. घालू नका. बटर आणि चॉकलेट दोन्ही अजून पातळ आहेत, गार झाले की तेच पीठ बांधतील.

फ्रिज

भांडं झाकून वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये. नुसतं आइसक्रीमच्या स्कूपने उचलता येण्याइतकं घट्ट झालं की काढा आणि काट्यावर ४० ग्रॅमचे गोळे मोजून घ्या, लिंबापेक्षा किंचित मोठे. सगळं पीठ रात्रभर तसंच भांड्यात ठेवण्याची चूक मी केली आहे. चॉकलेटमुळे ते विटेसारखं होतं आणि चमचे वाकतात. म्हणून आधी गोळे, मग मुक्काम. गोळे डब्यात लावून निदान एक तास आणि जमलं तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभरात मैदा ओलावा पिऊन घेतो, साखर विरघळते आणि चव मुरते. दोन घाणे शेजारी ठेवून चाखले तर फरक लहान मुलालाही सांगता येतो.

गोळे सारख्या वजनाचे हवेत कारण रंग मदतीला नाही. २५ ग्रॅमची आणि ५० ग्रॅमची कुकी एकाच ट्रेमध्ये असतील तर घड्याळाने तरी कोणाचं ऐकायचं?

भाजणं

ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांचं फारसं जमत नाही. आत टांगायचा छोटा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. माझ्या ओटीजीत बटण १७० वर असताना आत १९५ निघाले, आणि तेव्हा भावाच्या त्या टण्ण आवाजाचा उलगडा झाला. दुसरी तपासणी फुकटात होते. जाळीवर पावाचे स्लाइस शेजारी शेजारी लावा आणि १७० वर काही मिनिटं ठेवा. पावाला रंग येतो, त्यामुळे कुठला कोपरा तापट आहे ते लगेच दिसतं. माझा मागचा डावा कोपरा आहे. तिथे मी कुकी ठेवतच नाही.

दोन्ही रॉड चालू, मधली जाळी, १७० अंश, पंधरा मिनिटं आधी तापवलेला. पंखा असलेला कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर १६०. ट्रेवर बेकिंग पेपर. गोळ्यांमध्ये पाच सेंटिमीटर अंतर ठेवा, मधल्या आकाराच्या ओटीजीत सहा ते आठ बसतात. फ्रिजमधून काढलेल्या गोळ्याला तळव्याने हलकं दाबा, नाहीतर तो घुमटासारखा राहतो.

पहिल्यांदा एकच गोळा भाजा, ट्रे भरून नाही. कंटाळा येतो हे मान्य, पण ही एक कुकी तुमच्या ओटीजीचं नेमकं घड्याळ लावून देते. स्टूल घेऊन समोर बसा. पहिली तीन मिनिटं काहीच होत नाही. चौथ्या-पाचव्याला गोळा खाली बसायला लागतो. सातव्याच्या सुमाराला कडेची ओली चकाकी जाते. नवव्याला वर बारीक भेगा पडतात आणि घरभर वास सुटतो. अकरा-बारा मिनिटांनी कड पूर्ण मंद, कोरडी दिसते आणि मधोमध दोन रुपयांच्या नाण्याएवढा भाग मात्र अजून ओलसर चमकत असतो. काढायची ती हीच वेळ. कडेला बोट टेकवलं तर खड्डा पडत नाही, मध्ये पडतो. ती चकाकी पूर्ण गेल्यावर काढली तर उशीर झाला समजा.

बाहेर काढलेली कुकी कच्ची वाटते, उचलायला गेलं तर मोडते. तिला ट्रेवरच दहा मिनिटं बसू द्या. ट्रेच्या उष्णतेने ती आतून शिजत राहते, फुगलेला मध्य खाली बसतो आणि चॉकलेट धरू लागतं. मग जाळीवर. खरं रूप पाऊण तासाने कळतं. तेव्हा मोडून बघा, चाखा आणि पुढच्या ट्रेचं मिनिट त्यावरून ठरवा. माझ्याकडे एका चिठ्ठीवर ‘११ मि. ३० से.’ लिहून ओटीजीला चिकटवलं आहे. तुमचा आकडा वेगळा येईल.

दुसरा ट्रे भरताना पत्रा पूर्ण गार हवा. गरम पत्र्यावर ठेवलेला गोळा ओव्हनमध्ये जायच्या आधीच पातळ होतो. नळाखाली धरून पुसून घ्या.

मध्येच लाइट गेली तर? दार उघडू नका. आठ मिनिटं होऊन गेली असतील तर उरलेल्या उष्णतेत कुकी बऱ्यापैकी होते. त्याआधी गेली असेल तर ती पसरट होणार, हे धरून चाला. त्या दिवशीच्या माझ्या कुकीज चुरून आइसक्रीमवर गेल्या आणि कोणी तक्रार केली नाही.

कढईत मीठ तापवून त्यात भाजता येतात का? येतात. मंद आच, खाली स्टँड, एका वेळी चार, अठरा-वीस मिनिटं. पण खालून धग जास्त आणि वरून कमी, त्यामुळे बूड कडक आणि माथा ओला राहतो. नानकटाई कढईत बरी होते. या कुकीला मला तो प्रकार पटलेला नाही.

बिघडलं तर

पापडासारखी पसरली, तर गोळे पुरेसे गार नव्हते किंवा ओटीजी कमी तापलेला होता. अजिबात पसरली नाही, तर मैदा जास्त झाला. उरलेले गोळे भाजायच्या आधी दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि चांगले दाबा. कडक झाल्या, तर डब्यात पावाचा एक स्लाइस टाकून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी पाव कडक आणि कुकी मऊ झालेली असते. बूड करपत असेल तर ट्रेखाली दुसरा ट्रे घाला.

डबा

पूर्ण गार झाल्यावर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बेकिंग पेपर घालून ठेवा. पाच-सहा दिवस छान राहतात. कोमट असताना भरल्या तर आत पाणी सुटतं आणि भिजवलेल्या फळांमुळे बुरशी लवकर धरते. पावसाळ्यात कडा सादळतात, तेव्हा १५० अंशांवर तीन मिनिटं गरम करून घ्या. होस्टेलवरच्या मुलांना कुरिअरने पाठवायच्या असतील तर जून उजाडू द्या. मे महिन्यात पोचते ती कुकी नसते, चॉकलेटची लाडूवडी असते.

सगळ्या एकदम भाजायच्या नसतील तर कच्चे गोळे फ्रीझरमध्ये दोन महिने राहतात. आधी ताटलीत सुटे गोठवा, मग पिशवीत भरा. गोठलेलाच गोळा ट्रेवर ठेवा आणि दोन मिनिटं जास्त भाजा. ओटीजी तापवून पाहुण्यांचा चहा उकळेपर्यंत कुकीज गरम तयार. फक्त पिशवीवर नाव आणि तारीख लिहा. मी लिहिलं नव्हतं. आईने ते चिंचेचे गोळे समजून त्यातला एक आमटीसाठी पाण्यात भिजत घातला होता.